चौविहार, चूळ आणि दम्याचा पंप



गेल्या आठवड्यात श्रीरामपूरहून माझ्या धाकट्या जाऊबाईचा फोन आला. आवाज इतका बसलेला की आधी मी ओळखलाच नाही. म्हणाली, "भाभी, डॉक्टरांनी पंप दिला होता. पंधरा दिवस घेतला, तोंड सोलून निघालं. जीभ पांढरी पडली, घासाला तिखट लागतं. शेजारच्या काकी म्हणतात त्यात स्टेरॉईड असतं, एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही. मी कपाटात टाकून दिलाय. बरोबर केलं ना?"

मी विचारलं, "रात्री किती वाजता घेत होतीस?"

"झोपताना. नऊ-साडेनऊला."

"आणि नंतर चूळ?"

"अहो भाभी, चौविहार असतो ना!"

मी कपाळावर हात मारला, पण तिला रागावायचा मला काही अधिकार नाही. हेच सगळं मी स्वतः केलेलं आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. म्हणून आज ना लोणच्यावर लिहीत आहे, ना तपावर. आज पंपावर लिहिते.

आम्ही शेव्याला आलो १९९१ साली. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, त्यानंतर दोन वर्षांनी. आमच्या ह्यांची नोकरी क्लिअरिंगच्या ऑफिसात. तेव्हा खाडीचा वारा, मिठागरं आणि लांबवर क्रेन, एवढंच दिसायचं. आता दिवसरात्र ट्रेलर चालतात. खिडकीच्या गजावर सकाळी पुसलं तरी संध्याकाळी काळी पूड बसते. पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल आणि कपाटात बुरशीचा वास. मला दमा यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, माझ्या आईलाही होता. पण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जिना चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली ती इथेच.

डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक निळा, धाप लागली तर घ्यायचा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, त्रास असो वा नसो. "दुसऱ्यानंतर गुळणी करून थुंका" असं ते म्हणाले होते. म्हणाले होते हे मला आठवतं, म्हणून त्यांच्यावर खापर फोडत नाही. पण ते म्हणाले ते दाराकडे बघत, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता, आणि मीही ऐकलं ते पर्स बंद करता करता. मी संध्याकाळचा डोस झोपताना घ्यायला लागले. चौविहार घेतलेला, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब तोंडात नाही. चूळ कुठून भरणार?

महिन्याभरात तोंडात पांढरे चट्टे. स्थानकात स्तवन म्हणायला बसले तर वरची पट्टी लागेना. बायका म्हणाल्या, "ताई, तुमचा आवाज कुठे गेला?" मी निकाल देऊन टाकला, पंप म्हणजे विष. रोजचा बंद केला आणि निळा तेवढा ठेवला, कारण त्याने लगेच बरं वाटायचं आणि तोंड येत नव्हतं. आठ महिने तसेच गेले. निळ्या पंपाचे फवारे दिवसाला दोनवरून सहा-सातवर गेले, हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि मी म्हणायचे, "बघा, साईड इफेक्ट."

मग पर्युषणाची चौथी रात्र. दोन वाजता उठून बसले ती श्वासच आत जाईना. निळा पंप दहा वेळा मारला असेल. गाडी काढली तर करळ फाट्याला ट्रेलरची रांग उभी. आमचे हे उतरून ड्रायव्हर लोकांना हात जोडत वाट मागत होते, आणि मी मागच्या सीटवर नवकार म्हणायचा प्रयत्न करत होते, पण एका श्वासात एक पदसुद्धा पुरं होत नव्हतं. पनवेलला पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते, असं हे सांगतात. ऑक्सिजन, इंजेक्शनं, तीन दिवस मुक्काम. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "रोजचा पंप का सोडलात?" मी म्हटलं, "तोंड आलं." त्या म्हणाल्या, "चूळ का भरत नव्हता?" मी सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग संध्याकाळचा डोस सूर्यास्ताच्या आधी घ्या ना!"

इतकं सोपं होतं. आधी कोणी मला विचारलं नव्हतं की तुम्ही कधी जेवता, कधी पाणी बंद करता. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटतं, डॉक्टरांना धर्मातलं काय सांगायचं, हसतील.

आता जाऊबाईच्या प्रश्नाकडे येते. पंपात स्टेरॉईड असतं का? रोजच्या पंपात असतं. लपवायचं कशाला? पण किती असतं? मी बी.कॉम. आहे, मला आकडा लागतो. माझ्या पंपात एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड. सकाळी एक, संध्याकाळी एक, म्हणजे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. एक हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. हॉस्पिटलातून सोडताना मला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या त्या रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. एकूण २००. पंपाच्या मापाने मोजलं तर पाचशे दिवसांचं औषध पाच दिवसांत पोटात गेलं. हा हिशेब ढोबळ आहे बरं का. दोन औषधं वेगळी, वजनाला वजन लावून ताकद सारखी भरत नाही, आणि बुडेसोनाईड वजनाच्या मानाने जास्त कडक. पण त्याचा जो भाग गिळला जातो त्यातला सुमारे ९० टक्के यकृतात मोडून निकामी होतो, आणि बाकीचा जिथे हवा तिथे, श्वासनळीतच काम करतो. गोळीचं तसं नाही. ती हाडांपासून डोळ्यांपर्यंत सगळीकडे फिरते.

ब्रिटनमधल्या दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात मिळून अर्धा ते एक ग्रॅम स्टेरॉईड गोळ्या पोटात गेल्या की मधुमेह, मोतीबिंदू, हाडं ठिसूळ होणं यांचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं. अर्धा ते एक ग्रॅम म्हणजे माझ्यासारखे तीन ते पाच कोर्स. मैत्रिणींनो, जी बाई "स्टेरॉईड नको" म्हणून पंप सोडते आणि दर हिवाळ्यात, दर पावसाळ्यात झटका आला की गोळ्यांचा कोर्स घेते, ती स्टेरॉईड टाळत नाही. ती ते ठोक भावाने घेते.

माझ्या आईचं असंच झालं. तिने पंपाला कधी हात लावला नाही. "सवय लागते" हे एकच वाक्य. एका गावच्या माणसाकडून पुड्या यायच्या, जडीबुटीच्या म्हणून. दम लगेच उतरायचा, भूक वाढायची, चेहरा गोल गरगरीत झाला, आणि आम्ही म्हणायचो, "आईची तब्येत सुधारली." त्या पुडीत काय होतं हे कुणी तपासलं नाही, पण अशा पुड्यांत स्टेरॉईड कुटून घालतात हे अनेकदा उघडकीला आलेलं आहे, आणि चेहऱ्याची ती सूज आता मला बरोबर ओळखता येते. पुढे न्हाणीघरात साधी घसरली तर खुब्याचं हाड मोडलं. तुमच्या घरी कुणी बरीच वर्षं अशा गोळ्या-पुड्या घेत असेल तर हे वाचून त्या एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं, अचानक तोडलं तर जीवावर बेततं. डॉक्टरांनाच हळूहळू उतरवू द्या.

आणि सवयीचं म्हणाल तर आपण रोज सकाळी केर काढतो. घराला केर काढायची सवय लागली असं कुणी म्हणत नाही. केर रोज येतो म्हणून रोज काढतो. दम्यात श्वासनळीच्या आतल्या बाजूला रोज थोडी सूज येत राहते, रोजचा पंप ती उतरवतो. निळा पंप ते करत नाही. तो आवळलेली नळी चार-सहा तास सैल करतो, सूज तशीच राहते. म्हणून निळ्याने बरं वाटतं आणि आजार आतून वाढत राहतो.

पंपाची भीती मात्र अगदी हवेतून आलेली नाही, हे मला नंतर वाचून कळलं. पंपाचा जन्म तसा गोड. अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? त्यातून १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. पण साठच्या दशकात इंग्लंडात जास्त ताकदीचे आयसोप्रिनालिनचे पंप आले आणि तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू वाढले. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाच्या औषधाने तेच झालं, त्यावर बंधन घातलं तेव्हा मृत्यू कमी झाले. ही दोन्ही औषधं नळी सैल करणारी होती, निळ्या पंपाच्या जातीची, त्याहून कडक. सूज उतरवणारी नव्हती. आता २०१९ पासून जागतिक दमा तज्ज्ञांची जी संस्था आहे, जीना म्हणतात तिला, ती सांगते की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता निळा पंप देऊच नका, सोबत स्टेरॉईडचा पंप हवाच. स्वीडनमध्ये साडेतीन लाखांहून जास्त दमेकऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, २०२० मध्ये ते छापून आलं. वर्षाला निळ्याचे तीन किंवा जास्त डबे लागणाऱ्यांना झटक्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त. एका डब्यात साधारण २०० फवारे असतात. त्या पर्युषणाच्या आधी मी दीड महिन्याला एक डबा संपवत होते. गणित तुम्हीच करा.

म्हणजे आपण भितो ते चुकीच्या पंपाला.

भीतीचं अजून एक उलटं गणित सांगते. सर्दी-खोकल्याला मॉन्टेलुकास्टची गोळी आपल्याकडे घरोघरी आहे, नातवंडांनासुद्धा देतात, कुणी दचकत नाही. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. काही जणांत मनावर परिणाम, वाईट स्वप्नं, उदासी, आत्महत्येचे विचार येतात म्हणून. सगळ्यांना होतं असं नाही, लाखो लोक सुखाने घेतात. पण गोळी ती सौम्य आणि पंप तो जहाल, हे आपण ठरवलं कशावरून? चारचौघांत गोळी गिळता येते आणि पंप तोंडाला लावावा लागतो, एवढ्यावरूनच ना?

पंपाचे तोटे नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. चूळ भरली नाही तर तोंड येतं, घसा बसतो. मोठे डोस वर्षानुवर्षं घेतले तर कातडी पातळ होते, मोतीबिंदू आणि हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. लहान मुलांच्या उंचीबद्दल आज्या मला नेहमी विचारतात. अमेरिकेत पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड दिलं आणि ती मोठी झाल्यावर पुन्हा मोजली, तर सरासरी १.२ सेंटिमीटरने उंची कमी भरली. २०१२ मध्ये हे छापलं. सव्वा सेंटिमीटर म्हणजे चपलेच्या टाचेपेक्षा कमी. तरी ते लपवू नये, आईवडिलांना सांगावं, आणि डॉक्टरांना सर्वांत कमी पुरेल असा डोस विचारावा. पण रात्रभर बसून काढणारं, शाळा बुडवणारं, खेळता न येणारं मूल आणि सव्वा सेंटिमीटर, यात मी काय निवडेन ते मला विचारू नका, सरळ आहे. जगातल्या दर शंभर दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा आपल्या देशात आहेत, पण दम्याने होणाऱ्या दर शंभर मृत्यूंपैकी चाळीसहून जास्त आपल्याकडचे. आपला दमा काही निराळा नाही. औषध कपाटात राहतं.

आता आपल्या बायकांच्या खास अडचणी, ज्या डॉक्टर विचारत नाहीत.

सूर्यास्त. आपल्या भागात नोव्हेंबर-डिसेंबरात तो सहाच्या सुमाराला, जुलैत सव्वासातला. मी रोज जेवण झाल्यावर, चौविहाराच्या आधी, पंप घेते. उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीन चुळा, घशापर्यंत गुळणी, आणि थुंकते, गिळत नाही. मग पचक्खाण. सकाळचा डोस नवकारशी पाळून. जानेवारीत नवकारशी यायला आठ वाजतात. म्हणजे रात्रीचं अंतर चौदा तास आणि दिवसाचं दहा. हे मी डॉक्टरीणबाईंना वहीत लिहून दाखवलं, त्यांनी माझ्यापुरतं चालेल म्हटलं. दिवसातून एकदाच घ्यायचे पंपही असतात, तुमच्यासाठी ते जमतात का विचारा. स्पेसर वापरा, ती प्लास्टिकची नळी. तिने औषध तोंडात कमी सांडतं आणि छातीत जास्त उतरतं. मी आधी लाजायचे, मोठं खेळणं वाटायचं. आता नात तिला माझी "तुतारी" म्हणते.

आणि रात्री झटका आला तर? माझ्या ओळखीच्या एक बाई पहाटेपर्यंत धापत बसल्या, पचक्खाण मोडेल म्हणून निळा पंपसुद्धा घेतला नाही. हे ऐकून मी चातुर्मासात महासतीजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, रात्रीच्या पचक्खाणात आगार कशाला ठेवलेत? सव्वसमाहिवत्तियागारेणं हा शब्द आपण रोज म्हणतो. असह्य व्याधीने समाधी ढळत असेल तेव्हा औषधाची मोकळीक त्यात आधीच दिलेली आहे. "पाठ करता, अर्थ बघत नाही," असं म्हणून त्या हसल्या. तुमच्या संप्रदायात काय आहे ते तुमच्या महाराज साहेबांना विचारा, पण शांत दिवशी, आधीच विचारा. रात्री दोनला विचारायला कुणी मिळत नाही. माझं मत विचाराल तर हवेतून छातीत जाणारा फवारा हा आहार नाहीच. चौविहार उपवासाच्या दिवशी चुळेचा प्रश्न राहतो, म्हणून मी आता उपवास तिविहार करते. अठ्ठाई केली त्या वर्षीही रोजचा पंप एक दिवस बंद ठेवला नाही. तपात सगळी औषधं बंद करायची पद्धत आपल्याकडे आहे, दमेकरी बाईने ती पाळू नये असं मी स्पष्ट म्हणते, कुणाला राग आला तरी. निळा पंप सामायिकाच्या पिशवीतच असतो, आसन, पुंजणी आणि माळेच्या बरोबर. संवत्सरीचं प्रतिक्रमण लांबतं, हॉलमध्ये गर्दी, वारा नाही.

कॅप्सूलचंही सांगते, कारण यावरून दोघींनी औषध सोडलेलं मला माहीत आहे. यंत्रात टोचून ओढायची जी पूड असते तिची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याची. ती गिळत नाही, टाकून देतो, तरी मनाला लागतं, मला कळतं. मग डॉक्टरांना तसं सांगा आणि फवाऱ्याचा पंप मागा, त्यात कॅप्सूलच नसते. काही फवाऱ्यांत अगदी थोडं अल्कोहोल असतं, तेही विचारून घ्या. औषध बदलून मिळतं. गप्प बसून सोडून देणं हा उपाय नाही.

कोजागिरीच्या मध्यरात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला गावोगाव रांगा लागतात, मृगाला लोक हैदराबादला माशाच्या प्रसादासाठी जातात, शाकाहाऱ्यांना तिथे गुळातून देतात म्हणे. माझ्या माहितीतली एक बाई, रात्रिभोजनत्याग असलेली, त्या खिरीसाठी नियम मोडून गेली होती. तीच बाई पंपासाठी सूर्यास्ताआधीची पाच मिनिटं काढत नव्हती!

आणि एक नाजूक गोष्ट. माझ्या भाचीचं स्थळ बघणं चालू आहे. ती पंप घेते. घरात ठरलं होतं की मुलाकडच्यांना सांगायचं नाही, लग्नानंतर बघू. मी विचारलं, लग्नानंतर ती पंप कुठे ठेवणार? साड्यांच्या घडीखाली? आणि लपवायचा म्हटलं की रोजचा सुटतो, कारण तो सासरी दोन वेळा तोंडाला लावावा लागतो. उरतो निळा, न्हाणीघरात दार लावून घ्यायचा. म्हणजे माझे ते आठ महिने तिने नव्याने सुरू करायचे. तिची आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. परवा मुलाकडचे आले तेव्हा भाचीनेच चहाच्या आधी सांगून टाकलं, आणि मुलाच्या आजीने लगेच विचारलं की चूळ भरतेस ना. अजून होकार आलेला नाही, नकारही नाही.

जाऊबाईला मी म्हटलं, डॉक्टरांना तोंड दाखव, चट्ट्यांना औषध मिळतं, आठ-दहा दिवसांत जातात. पंप कपाटातून काढ. श्रीरामपूरचा सूर्यास्त पंचांगात बघून घे, आमच्यापेक्षा काही मिनिटं लवकर असेल. काल संध्याकाळी तिचा फोन आला, मागून नळाचा आवाज येत होता. म्हणाली, "भाभी, थांबा हं, गुळणी करते."